खात्यापासून हातापर्यंत

दुकानाच्या पायरीवर पाय पडायच्या आधीच गिऱ्हाइकाचा प्रश्न येतो, ‘सर्वर चालू हाये का भाऊ?’ टाकेदहून काळी-पिवळीत कोंबून आलेला म्हातारा असो की वैतरणेकडची बाई, प्रश्न हाच. सर्व्हर म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही पुरतं ठाऊक नाही. पण तो चालू असला की पैसे निघतात, एवढं अख्ख्या इगतपुरी तालुक्याला कळून चुकलंय. मी ‘चालू आहे, बसा’ म्हणतो आणि हळूच गल्ला उघडून बघतो. मला पडलेला प्रश्न वेगळा असतो. सर्व्हर कुठेतरी चालू असेलच, पण नोटा घोटीतल्या माझ्या दुकानात आहेत का?

आम्हाला बँक मित्र म्हणतात, कागदोपत्री व्यवसाय प्रतिनिधी. जिथे शाखा परवडत नाही तिथे बाहेरच्या माणसांकरवी व्यवहार करायला रिझर्व्ह बँकेने जानेवारी २००६ मध्ये बँकांना मुभा दिली, तिथून हा धंदा सुरू झाला. २८ ऑगस्ट २०१४ ला जनधन योजना आली आणि खात्यांचा पाऊस पडला. नऊ वर्षांत देशात ५० कोटींवर खाती झाली, त्यातली निम्म्याहून जास्त बायकांची. खातं उघडणं सोपं होतं. शिबिर लावा, फोटो काढा, पासबुक द्या. त्या खात्यातला पैसा माणसाच्या हातात पोचवायचं काम मात्र आमच्याकडे आलं, आणि त्यातले किस्से जाहिरातीत येत नाहीत.

जाहिरातीत आजी यंत्रावर अंगठा ठेवते, हिरवा दिवा लागतो आणि आजी हसते. एक गोष्ट मधल्यामध्ये गाळलेली असते. आजीच्या हातात पडलेल्या पाचशेच्या चार नोटा बँकेच्या नसतात, माझ्या असतात. मी माझ्या खिशातून देतो, बँक तेवढी रक्कम तिच्या खात्यातून काढून माझ्या खात्यात टाकते. म्हणजे धंदा जितका जोरात, तितका गल्ला लवकर रिकामा, आणि मोबाइलमधला आकडा तितकाच फुगलेला. दुपारी एक वाजता माझ्या खात्यात लाखभर रुपये दिसत असतात आणि समोर बसलेल्या मावशीला द्यायला पाचशे रुपये नसतात. तिला हे समजावून सांगणं हा एक स्वतंत्र कार्यक्रम असतो. ‘मोबाइलमध्ये आहेत ना, मग दे की काढून!’

मग नोटा आणायच्या कुठून? बँकेच्या रांगेतून आणायच्या म्हणजे दुकान बंद ठेवायचं, आणि कॅशियर म्हणतो, शंभराच्या नाहीत, पाचशेच्याही थोड्याच आहेत. म्हणून घोटीत आम्ही सगळे एक वेगळी वाट चालतो. बाजारपेठेत किराणावाले, हार्डवेअरवाले, खतवाले, मेडिकलवाले आहेत. त्यांच्याकडे संध्याकाळी रोकड साचते आणि ती बँकेत भरायचा त्यांना कंटाळा असतो. मी ती रोकड घेतो आणि तेवढी रक्कम त्यांच्या खात्यावर पाठवतो. त्यांची फेरी वाचते, माझा गल्ला भरतो. कमिशन ना त्यांचं ना माझं. व्यवसाय प्रतिनिधीची परीक्षा द्यावी लागते, त्यासाठी पुस्तकही आहे. त्यात हे प्रकरण नाही, पण दुकान चालतं ते यावरच.

यालाही हंगाम असतो. घोटी हे भाताचं गाव. महामार्गाच्या कडेने राइस मिल आहेत, इगतपुरी तालुक्यातला भात इथे येतो, कांडून तांदूळ होऊन बाहेर जातो. दिवाळीच्या सुमारास कापणी झाली, झोडणी झाली की व्यापाऱ्यांना शेतकऱ्याचं माप रोखीने चुकतं करावं लागतं. तेव्हा बाजारातली सगळी रोकड भाताच्या मागे धावते आणि नेमका त्याच दिवसांत भाऊबिजेसाठी पैसे काढायला बायका माझ्या दारात असतात. अशा वेळी मी ज्या व्यापाऱ्याकडे एरवी तोऱ्यात जातो त्याच्याकडे हात जोडून जातो.

गेल्या काही वर्षांत एक नवीनच पंचाईत झालीय, आणि ती डिजिटलच्या यशामुळे झालीय. किराणावाल्याच्या काउंटरवर स्कॅनर आला. पैसे आले की डबा मोठ्यांदा ओरडून सांगतो. घोटीतली पोरं वडापावचे वीस रुपयेही फोनवरून देतात. किराणावाल्याची रोकड आटली. पूर्वी त्याच्याकडून संध्याकाळी जी गड्डी मिळायची ती आता अर्धी झाली. ज्याच्याकडे फोन आहे त्याची सोय झाली, त्याचा उलटा परिणाम ज्या आजीकडे फोन नाही तिच्या नोटांवर झाला. मुंबईतल्या परिसंवादांत यूपीआयच्या आकड्यांवर टाळ्या पडतात तेव्हा मला माझा गल्ला दिसतो. तक्रार नाही करत. मीही चहाचे पैसे स्कॅन करूनच देतो.

रोकडीची सगळ्यात वाईट वेळ कोणती, असं कुणी विचारलं तर मी एप्रिल २०२० सांगेन. टाळेबंदी होती. केंद्राने बायकांच्या जनधन खात्यांत महिन्याला ५०० रुपये असे तीन महिने टाकायचं ठरवलं. गर्दी होऊ नये म्हणून खातेक्रमांकाच्या शेवटच्या आकड्याप्रमाणे वार लावले. ० आणि १ वाल्यांनी ३ एप्रिलला यायचं, २ आणि ३ वाल्यांनी ४ ला, असं ९ एप्रिलपर्यंत. कागदावर योजना फार सुंदर होती. पण पासबुकावरचा शेवटचा आकडा ज्यांना वाचता येतो त्या बायका या रांगेत मुळात कमीच. त्यातच देशभर अफवा उठली की पैसे काढले नाहीत तर सरकार परत घेणार. सरकार सांगत होतं, असं काही नाही. ऐकतंय कोण? ज्यांच्या वाट्याला सरकारने दिलेलं काहीतरी परत घेतल्याचा अनुभव आलेला असतो, त्यांना अफवा खरी वाटणारच. तोंडाला पदर लावून, एकेक हात अंतरावर खडूने काढलेल्या गोलात उभ्या राहून त्यांनी पाचशेची एकेक नोट नेली.

*

आता अंगठ्याकडे वळू. देशातलं पहिलं आधार कार्ड आपल्याच महाराष्ट्रात दिलं गेलं. नंदुरबार जिल्ह्यात शहादा तालुक्यातल्या टेंभली गावी, २९ सप्टेंबर २०१० ला, पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत. आदिवासी गाव मुद्दाम निवडलं होतं. ज्याच्याकडे कसलाच कागद नाही त्याला त्याचं शरीरच ओळखपत्र म्हणून वापरता यावं, अशी ती कल्पना. कल्पना चांगलीच होती. पण बोटं कुणाची घेतोय याचा विचार थोडा कमी पडला. साक्षरता अभियानात ज्या बायका कष्टाने सही शिकल्या त्या पुन्हा अंगठ्यावर आल्या, हा भाग वेगळाच.

आमच्याकडे आषाढात आवणी सुरू होते. दिवसभर गुडघाभर चिखलात वाकून भाताची रोपं लावायची. पंधरा दिवस हे चाललं की बोटांची कातडी पांढरी, सुरकुतलेली, मऊ पडते. यंत्र अशा बोटाला ओळखत नाही. उन्हाळ्यात वीटभट्टीवरून आलेल्या कातकऱ्याची बोटं उलट इतकी घासलेली असतात की रेषाच उरलेल्या नसतात. यंत्राला दोघंही सारखेच अनोळखी. लाल दिवा, पुन्हा लाल दिवा. पडद्यावर इंग्रजीत ओळ येते की बायोमेट्रिक जुळलं नाही, आणि मी ती मराठीत सांगतो, ‘मावशी, अंगठा लागत नाय.’ मावशी यंत्राकडे अशी बघते जणू त्याने तिच्या तोंडावर सांगितलंय की तू ती नव्हेसच.

यावर प्रत्येक बँक मित्राचे घरगुती उपाय आहेत. कुणी ओलं फडकं ठेवतो, कुणी कोमट पाण्याची वाटी, कुणी खोबरेल तेलाचं बोट. सगळ्यात हुकमी उपाय म्हणजे बोट केसांवरून फिरवायला सांगायचं, अंगचं तेल लागतं आणि रेषा उठतात. तेही चाललं नाही तर दहाही बोटं एकेक करून लावून बघायची. यातून एक शोध लागला. बहुतेकांचं एखादं तरी बोट असतं जे इमानदार राहतं. डाव्या हाताची अनामिका, उजवी करंगळी, काहीही. पण महिनाभराने माणूस परत येतं तेव्हा ते बोट कोणतं हे ना त्याच्या लक्षात असतं ना माझ्या. मग मी काउंटरवर लाल नेलपॉलिशची बाटली ठेवली. जे बोट लागलं त्याच्या नखाला ठिपका. घोटीच्या बाजारात एकाच नखाला लाल रंग लावलेली सत्तरीची म्हातारी दिसली तर समजा, ती आमची गिऱ्हाईक.

काळुस्त्याकडची एक आजी त्या बोटाला ‘पैशाचं बोट’ म्हणायची. चंचीत सुपारीच्या शेजारी आधार कार्डाची घडी घातलेली झेरॉक्स आणि निराधारचं पासबुक, आणि हातात पैशाचं बोट, एवढी तिची बँक. भाताच्या कापणीत विळा नेमका त्याच बोटावर बसला. चिंधी बांधून आली. बाकीची नऊ बोटं मी लावून पाहिली, एकही चाललं नाही. संजय गांधी निराधारचे दीड हजार खात्यात, आणि खात्याची किल्ली चिंधीखाली. ‘आता काय करू रं लेका?’ करण्यासारखं एवढंच होतं, की तिला बँकेत नेऊन पैसे काढण्याच्या पावतीवर अंगठा द्यायचा, दोन साक्षीदार उभे करायचे. म्हणजे जुन्याच पद्धतीने. त्या दिवशी तेच केलं. हल्ली डोळ्यांनी आणि चेहऱ्यानेही ओळख पटवायची सोय येऊ लागलीय, त्याचा अशा माणसांना खरंच उपयोग होईल.

यंत्राला शिव्या देऊन मी थांबलो तर अन्याय होईल. हेच यंत्र नसतं तर दिवाळीनंतर भिवंडीकडे वीटभट्टीवर गेलेल्या माणसाला खात्यातले पैसे काढायला परत घोटीची शाखा गाठावी लागली असती. आता तो भट्टीजवळच्या कुठल्याही दुकानात अंगठा लावतो. पूर्वी गावी पैसे पाठवायचे तर येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातात द्यायचे आणि तो माणूस मधेच कुठे उतरला नाही अशी प्रार्थना करायची. २०२० नंतर आदिवासी विकास विभागाने खावटी अनुदान दिलं, ४,००० रुपयांचं, त्यातले २,००० थेट खात्यात. खावटीचा पैसा मधल्या कुणाच्या हाताला न लागता पोचला, हे आमच्या भागात लहान काम नाही.

*

तर मग खात्यात आलेला पैसा नेमका कोणत्या खात्यात आला, हा पुढचा किस्सा. या गोष्टीचा छडा लावण्यात बँक मित्राचं अर्धं आयुष्य जातं.

सरकारी अनुदान आता बहुतेक वेळा खातेक्रमांकावर येत नाही, आधार क्रमांकावर येतं. कोणत्या आधारचा पैसा कोणत्या बँकेत टाकायचा याची एक यादी राष्ट्रीय पातळीवर ठेवलेली असते. त्या यादीत एका आधारपुढे एकच बँक असते. सगळ्यात शेवटी जी जोडली ती. रोजगार हमीची मजुरीही १ जानेवारी २०२४ पासून सक्तीने याच वाटेने येते. गावातल्या बाईला वाटतं, मी फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात पैसे येणार. पैसे भलतीकडेच जातात, आणि जिथे जातात तिथे ते बिनबोभाट पडून राहतात.

एका बाईची खाती किती असतात? पोराच्या शिष्यवृत्तीसाठी एक, जनधनच्या शिबिरात एक, बचत गटाचं एक. मग कर्ज देणाऱ्या कंपनीचा माणूस पाड्यावर आला, गट केला, अंगठे घेतले, त्यात एक. कधी नवीन सिम घेताना लावलेल्या अंगठ्यातून आणखी एक. हा शेवटचा प्रकार काल्पनिक नाही. २०१७ मध्ये एअरटेल पेमेंट्स बँकेची अशी खाती उघडली गेली आणि लोकांचं गॅसचं अनुदान त्यांना न कळता तिकडे वळलं. डिसेंबरात आधार प्राधिकरणाने एअरटेलची ई-केवायसी बंद केली, आणि मार्च २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने ५ कोटींचा दंड केला.

ऑगस्ट २०२४ मध्ये बायकांना महिन्याला १,५०० रुपये देणाऱ्या लाडकी बहीण योजनेचे पहिले दोन हप्ते एकदम आले, ३,००० रुपये, राखीपौर्णिमेच्या तोंडावर. माझ्या दुकानाची रांग रस्त्यावर गेली. ज्यांना मिळाले त्या पेढे घेऊन आल्या. काहींच्या खात्यात किमान शिल्लक नव्हती म्हणून बँकेने आधीचा दंड त्यातूनच कापला होता, त्यावर ओरड झाली आणि सरकारने बँकांना असं करू नका म्हणून सांगितलं. आणि काहींना मिळालेच नाहीत.

त्यातली एक, तिशीची, दर महिन्याला यायची. तिच्या खात्यात शून्य. यादीत नाव, अर्ज मंजूर, मोबाइलवर ‘रक्कम जमा’ असा मेसेज, आणि पासबुक कोरं. नवरा म्हणायचा, तू माहेरी दिलेस. सासू म्हणायची, हिने भिशीत टाकले. पाचव्या महिन्यात ती नवऱ्यालाच घेऊन आली आणि म्हणाली, ‘भाऊ, यांच्या समोर बघा.’

इथे आमचं एक कसब आहे. अंगठ्याने पैसे काढताना खातेक्रमांक लागत नाही. आधार क्रमांक टाकायचा, यादीतून बँक निवडायची आणि अंगठा लावायचा. बँक माहीत नसेल तर? मग एकेक बँक निवडून शिल्लक तपासत बसायचं. आधारच्या संकेतस्थळावर जोडलेल्या बँकेचं नाव दिसतं, पण त्यासाठी आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी लागतो, आणि तो नंबर तिचा बंद पडलेला. तेव्हा यादीच. ओळखीच्या बँका झाल्या. मग अशा बँका ज्यांची घोटीत काय, नाशिकमध्येही शाखा कुठे आहे ते मला सांगता येणार नाही. शेवटी एका ठिकाणी हिरवा दिवा लागला, शिल्लक ७,५०० रुपये आणि वर काही पैसे व्याज. गटकर्जाच्या वेळी उघडलेलं खातं. पासबुक कधी दिलंच नव्हतं.

मी आकडा मोठ्याने वाचला. बाई नवऱ्याकडे वळली. ‘ऐकलं का? मी खोटी नव्हते.’ तो काही बोलला नाही. पैसे मोजून घेताना मात्र हात त्यानेच पुढे केला, आणि मी नोटा तिच्याकडे दिल्या.

*

हा पुढे आलेला हात आमच्या धंद्यात रोज दिसतो. मोबाइल बँकिंगवर बोलणाऱ्यांनी एक साधी गोष्ट विचारात घ्यावी. अंगठा तिचा असतो, मोबाइल त्याचा. घरात फोन एक, फार तर दोन. खात्याला नंबर नवऱ्याचा, नाही तर पोराचा. तिच्या खात्यात पैसे आल्याचा मेसेज आधी त्याला येतो. कित्येकदा बाई शेतातून घरी पोचायच्या आत तिला दुकानात न्यायला तो गाडी घेऊन उभा असतो. आणि तिने एकटीने येऊन पैसे काढले तर काढल्याचा मेसेजही त्यालाच. म्हणून बायका विचारतात, ‘शिलकीची पावती नको भाऊ, तोंडी सांगा. हळू सांगा.’ मी आकडा कागदाच्या कपट्यावर लिहून दाखवतो आणि कपटा फाडून टाकतो.

महामार्गाकडच्या माझ्या एका सहकाऱ्याकडे काउंटरखाली एक वही आहे. त्यात बायकांची टोपणनावं आणि पुढे शंभर, दोनशे, पाचशे. बाई दीड हजार काढते, हजार घरी नेते, पाचशे त्याच्याकडे ठेवते. मेसेजमध्ये दिसतं की सगळे काढले. नवरा हजार मोजतो, पाचशे चार्ज कापला असं ऐकतो, बँकेला शिव्या देतो. नियमाने हे पूर्ण चूक आहे, उद्या तो सहकारी पळाला तर दाद मागायला कागद नाही. मी त्याला तसं सांगितलंही. तो म्हणाला, ‘खात्यात ठेव म्हणून मी सांगतो त्यांना. त्या म्हणतात, खात्यातलं सगळ्यांना दिसतं.’ डिजिटल बँकेपासून पैसा लपवायला बाई बँक मित्राची शाईची वही वापरते, हे कुठल्या अहवालात बसवणार?

या बायकांना हिशेब येत नाही असं कुणी म्हणालं तर त्याने म्हसवडला जावं. चेतना गाला सिन्हा यांनी तिथल्या बायकांसाठी सहकारी बँक काढायचं ठरवलं तेव्हा रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज परत पाठवला, कारण प्रवर्तक बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. बायका अक्षरं शिकल्या आणि अधिकाऱ्यांपुढे पुन्हा जाऊन म्हणाल्या, आम्हाला कोणत्याही रकमेचं व्याज विचारा, तोंडी सांगतो, तुमच्या साहेबांना कॅल्क्युलेटरशिवाय काढायला सांगा. १९९७ मध्ये माणदेशी बँक उभी राहिली. माझ्या काउंटरवरही हेच दिसतं. मी यंत्रात आकडे टाकत असतो तोवर समोरची बाई बोटांच्या पेरांवर मोजून सांगते की किती उरायला हवेत, आणि चुकत नाही.

*

आता आमच्या पोटाचं. आधारवरून पैसे काढले की ग्राहकाच्या बँकेने द्यायचं शुल्क अर्धा टक्का, तेही जास्तीत जास्त १५ रुपये. लाडक्या बहिणीच्या १,५०० वर साडेसात रुपये झाले. त्यातून मला बँकेशी जोडणाऱ्या कंपनीचा वाटा, मधल्या वितरकाचा वाटा. उरलेल्यात माझं भाडं, वीज, नेट, यंत्र. शिल्लक सांगायचे बहुतेक वेळा काहीच नाही, आणि दिवसभरात निम्मी माणसं फक्त ‘आले का?’ विचारायलाच येतात. भिंतीवर फलक आहे, सेवा मोफत. तरीही लोक पाच-दहा रुपये ठेवून जातात. कंपनीच्या लेखी हा गुन्हा. भर पावसात मोटारसायकलवर यंत्र घेऊन पाड्यावर जाणारा हजारामागे दहा-वीस घेतो. त्यालाही लोक वाईट म्हणत नाहीत, कारण घोटीला यायचं तर जीपभाडं आणि दिवसाची मजुरी दोन्ही जातात. मी त्याची बाजू घेतो, एका अटीवर. त्याने ते आधी सांगून घ्यावेत.

सांगितल्याशिवाय घेणारे आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. सगळ्यात जुनी लबाडी म्हणजे ‘लागला नाही, पुन्हा लावा’. पहिल्यांदा लागलेला असतो, दुसऱ्यांदाही लागतो, पैसे एकदाच हातात येतात. म्हणून मी यंत्राचा पडदा गिऱ्हाइकाकडे वळवून ठेवतो. व्यवहार खरंच अडकला, पैसे कटले आणि हातात आले नाहीत, तर पाच दिवसांत ते परत खात्यात आले पाहिजेत आणि उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई, असं रिझर्व्ह बँकेचं सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे. किती जणांना हे माहीत आहे? जमिनीच्या दस्तांवरच्या ठशांवरून सिलिकॉनचे अंगठे बनवून खाती लुटल्याच्या बातम्या इतर राज्यांतून आल्या. आता रिझर्व्ह बँकेच्या जून २०२५ च्या आदेशाप्रमाणे आमचीच केवायसी कडक होतेय, १ जानेवारी २०२६ पासून. व्हायलाच हवी. पण चौकशी वाढवताना साडेसात रुपयांचाही विचार झाला असता तर बरं वाटलं असतं.

आणि लबाडी फक्त आमच्या टोकाला नसते. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक आशिष दास यांनी बँकांच्या शुल्काचा हिशेब काढला तेव्हा दिसलं, की स्टेट बँक साध्या, जनधनसारख्या खात्यांतून महिन्यात चारपेक्षा जास्त झालेल्या प्रत्येक डिजिटल व्यवहारामागे १७ रुपये ७० पैसे कापत होती. पुढे त्यातला काही भाग परत करावा लागला. गरिबाला सांगायचं मोबाइलवरून व्यवहार कर, आणि पाचव्या व्यवहाराला दंड.

कॅशलेसचं एक वारं येऊन गेलं, ते आमच्या धंद्यातल्यांना चांगलं आठवतं. नोटाबंदीनंतर १ डिसेंबर २०१६ ला मुरबाड तालुक्यातलं धसई राज्यातलं पहिलं रोकडविरहित गाव म्हणून जाहीर झालं, दुकानादुकानांत यंत्रं बसली, मंत्री आले. पुढे नोटा बाजारात परत आल्या तशी रोकडही धसईत परतल्याच्या बातम्या आल्या. मला त्यात अपयश दिसत नाही. माणसं जे सोपं आणि हातातलं असतं ते वापरतात. साध्या फोनवरून बँकिंगसाठी *९९# आलं, २०२२ मध्ये साध्या फोनचं यूपीआयही आलं. माझ्या काउंटरवर ते वापरणारं माणूस मला अजून भेटायचंय.

त्याच नोटाबंदीच्या आगेमागे दुसरी एक गोष्ट झाली, जिचे परिणाम आम्ही आजही निस्तरतोय. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं. फुकट सिमसाठी रांगा लागल्या. घोटीतल्या घराघरात जुने नंबर टाकून दिले गेले. कुणाच्या ध्यानात आलं नाही की तो टाकून दिलेला नंबर आधारला जोडलेला आहे. आता प्रत्येक ओटीपी त्या मेलेल्या नंबरवर जातो. सप्टेंबर २०२५ मध्ये लाडकी बहीणची ई-केवायसी निघाली, त्यासाठी बाईचा ओटीपी आणि वर नवऱ्याचा किंवा वडिलांचा. विधवा बायका, नवऱ्याने सोडलेल्या बायका काउंटरला हात टेकून उभ्या राहिल्या. नवरा नाही, वडील कधीच गेले, ओटीपी कुणाचा आणू? नंतर त्यांच्यासाठी अंगणवाडी सेविकेकडे कागद द्यायची वाट निघाली, मुदती वाढल्या. पण तेवढ्या काळात मी एवढे मृत्यूचे दाखले झेरॉक्स केले की मशिनची शाई संपली.

या गोंधळातून एक गोष्ट मात्र सुरू झालीय. बायका स्वतःचा नंबर जोडायला येऊ लागल्या आहेत. पोरीने जुना फोन दिलेला असतो, किंवा हप्त्याच्याच पैशातून घेतलेला साधा फोन. ‘यावर माझा नंबर टाका.’ मी त्यांना आधार केंद्रात पाठवतो, तिथे ७५ रुपये लागतात. आणि दरवेळी आणखी एक गोष्ट सांगतो: आधारचा नंबर बदलला म्हणजे बँकेतला बदलत नाही. बँकेचा फॉर्म वेगळा, रांग वेगळी, तिथे पुन्हा सही नाही तर अंगठा. काही जणी त्याच दिवशी दोन्ही उरकून घरी जातात. काहींची जीप निघून जायची असते, म्हणून बँक पुढच्या बाजारावर ढकलली जाते, आणि तोवर हप्त्याचा मेसेज नवऱ्याच्याच फोनवर वाजतो.